टवके उडाले ते पोलादामुळे की कोनामुळे?

प्रश्न थोडक्यात असा. डी२ पोलादाची नवी सुरी, खोक्यावर कठीणपणाचा आकडा, रॉकवेल ६० ते ६१, असा छापलेला. महिनाभर दोर, पुठ्ठे, चामडं कापलं, धार हलली नाही. मग तिनेच सरपण फोडायला घेतलं. पाठीवर दांडक्याने ठोकताना पातं गाठीत अडकलं, डावीउजवीकडे हलवून सोडवलं आणि धारेचे तीन टवके गेले. घरातली स्प्रिंगच्या पट्टीची जुनी सुरी मात्र हेच काम वर्षानुवर्षं निमूट करते आहे. तर नव्या सुरीचा माल खोटा होता का, पुढची कोणत्या पोलादाची घ्यावी, आणि राबवायच्या पात्याची निगा कशी राखावी?

मी पाती घडवतो, आणि घडवतो त्याहून जास्त दुसऱ्यांची बिघडलेली पाती दुरुस्त करतो. त्या अनुभवावरून सांगतो, माल बहुतेक खराच आहे. ‘डावीउजवीकडे हलवून सोडवलं’ या तीन शब्दांत निम्मं उत्तर आलं. उरलेलं निम्मं धारेच्या कोनात आहे. पोलादाचा नंबर त्यानंतर येतो.

आधी त्या ६०–६१ कडे बघू. ह्यू आणि स्टॅन्ले रॉकवेल या दोघांनी १९१४ मध्ये ज्या चाचणीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यातल्या सी मापाचा हा आकडा. १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या दाबाने पोलादात रुतवायचा आणि तो किती खोल गेला ते मोजायचं, एवढीच ती चाचणी. म्हणजे आकडा सांगतो की या पोलादात खड्डा पाडणं किती अवघड आहे. धार मुडपणार नाही एवढी खात्री त्यातून मिळते. तडा जाईल की नाही, ते त्यातून कळत नाही. काचही कठीणच असते.

तडा न जाऊ देण्याच्या गुणाला मी चिवटपणा म्हणतो, आणि कठीणपणा वाढवला की चिवटपणा सहसा घटतो. तिसरा गुण झीज सोसण्याचा. पुठ्ठा, दोर, धुळीने माखलेलं चामडं असल्या गोष्टी धार मोडत नाहीत, घासून संपवतात. तिथे डी२ बाजी मारतं, आणि महिनाभर तुम्ही तेच अनुभवलंत. सरपण फोडताना झिजेचा प्रश्नच नसतो. तिथे धक्का आणि पीळ असतो, आणि त्या परीक्षेत डी२ काठावर पास होणारं पोर आहे.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. डी२ मध्ये साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असतं. एवढा कार्बन लोखंडात विरघळून राहू शकत नाही. उरलेला कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि कार्बाइडचे कण तयार होतात. हे कण आजूबाजूच्या पोलादाच्या जवळपास दुप्पट कठीण, म्हणून झीज कमी. पण नेहमीच्या पद्धतीने ओतलेल्या लगडीत ते सावकाश गार होताना मोठे वाढतात, दहा-वीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही मोठे. नीट लावलेल्या धारेची टोकाशी जाडी एका मायक्रॉनच्या आतबाहेर असते. रेतीऐवजी गोटे घातलेल्या काँक्रीटची कागदाएवढी पातळ कड काढायला गेलात तर काय होईल? गोटा निखळेल. आडवा जोर आला की तडा अशाच कणापासून सुरू होतो आणि एका कणावरून दुसऱ्याकडे पळतो.

पावडरपासून केलेली पोलादं याच दुखण्यावरचा इलाज म्हणून आली. वितळलेला रस वायूच्या झोताने उडवून त्याची भुकटी करतात. प्रत्येक थेंब क्षणात गोठतो, त्यामुळे कार्बाइडला वाढायला वेळच मिळत नाही. मग ती भुकटी उष्णता आणि दाबाखाली एकजीव करतात. सीपीएम ३व्ही हे असंच केलेलं, अंदाजे साडेसात टक्के क्रोमियम आणि पावणेतीन टक्के व्हॅनेडियमचं पोलाद. राबवायच्या मोठ्या पात्यासाठी आज मला कोणी एकच नाव विचारलं आणि खर्चाची चिंता नाही म्हणाला, तर मी हेच सांगेन.

तुमच्या जुन्या सुरीचं पोलाद बहुधा ५१६० किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी असावं. कार्बन ०.६ टक्क्याच्या आसपास, क्रोमियम एका टक्क्याहूनही कमी. सगळा कार्बन लोखंडातच मुरतो, मोठे खडे जवळजवळ नसतात. ते लवकर बोथट होतं, पण टवका उडण्याऐवजी धार मुडपते, आणि मुडपलेली धार पाच मिनिटांत सरळ करता येते. राबवायच्या पात्यात मला हा दोष चालतो.

आता पाणी देण्याबद्दल. याचा आकडा खोक्यावर कुणी छापत नाही. एकाच पोलादाची दोन पाती, एकाला नीट पाणी दिलेलं आणि दुसऱ्याला घाईत, ही दोन वेगळी पोलादं समजावीत. साध्या कार्बन पोलादाचं पातं ८०० अंश सेल्सियसच्या थोडं वर तापवायचं, त्या तापमानाला चुंबक त्याला धरत नाही. मग ते झटकन गार करायचं. या घडीला ते काचेसारखं ठिसूळ असतं. त्यानंतर पुन्हा १८० ते २३० अंशांना तास-दोन तास ठेवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा, याला टेंपरिंग म्हणतात. पहिल्या पायरीत जास्त तापवलं तर पोलादाचा दाणा, म्हणजे आतले बारीक स्फटिक, वाढतो, आणि वाढलेल्या दाण्याचं पातं दिसायला झकास, हाताला कठीण, आणि पहिल्या फटक्याला दोन तुकडे.

सुरुवातीच्या काळात मी स्प्रिंगच्या पट्टीचं एक पातं तेलाऐवजी साध्या पाण्यात बुडवलं होतं. बुडवताना ‘टिंग’ असा बारीक आवाज आला, तो मी कानाआड केला. टेंपरिंग झालं, मूठ बसली, सुरी गेली. काही महिन्यांनी मूठ एकाच्या हातात आणि पातं लाकडात अशी ती परत आली. तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली धरला. तीन चतुर्थांश भाग ताजा, राखाडी, बारीक रव्यासारखा. एका कोपऱ्यात मात्र चंद्रकोरीएवढा भाग पिवळसर तपकिरी. तो रंग टेंपरिंगच्या भट्टीत चढलेला, म्हणजे तडा त्याच्या आधीचा, त्या ‘टिंग’चाच. शिवाय तडा निघाला होता तो मुठीत जाणारं शेपूट आणि पातं मिळतात त्या कोपऱ्यातून, आणि तो कोपरा मी कानशीने काटकोनात कापला होता. काटकोनी खाचेत ताण एका जागी साचतो. तिथे पेन्सिलीच्या गोलाईएवढा जरी वळसा ठेवला असता तरी तडा कदाचित गेला नसता. आज पाती दुरुस्तीला आली की मी आधी तो कोपराच बघतो. विकत घेताना मूठ उघडून बघता येत नाही, पण पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलंय की नाही, हे तरी विचारावंच.

आता कोन. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या सुरीचा इलाज इथेच आहे.

धारेच्या टोकापासून अर्धा मिलिमीटर वर पात्याची जाडी किती असते, याचा हिशोब करा. प्रत्येक बाजूला १५ अंशांची धार असेल तर जाडी साधारण ०.२७ मिलिमीटर. २० अंशांना ०.३६. २५ अंशांना ०.४७. हे आकडे जवळजवळ सारखे वाटतात, पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १५ वरून २५ वर गेलात तर त्या जागी धार पाचपटीहून जास्त ताठ होते. पोलाद बदलून एवढा फरक पाडायला नशीब लागेल. कोन मात्र दगडावर अर्ध्या तासात बदलतो. किंमत म्हणून कापण्यातली सफाई थोडी जाते, आणि सरपण फोडताना ती सफाई तशीही लागत नाही.

ढोबळ मानाने, फक्त कापायच्या पात्याला प्रत्येक बाजूला १५ ते १७ अंश, सगळी कामं करणाऱ्या पात्याला २०, आणि तोडाफोडीच्या पात्याला २२ ते २५. सुरी १५–१७ अंशांची आणि काम पाचरीसारखं ठोकण्याचं, असं झालं की कोणतंही पोलाद हार मानतं. धारेच्या मागची जाडीही बघा. धारेचा उतार जिथे सुरू होतो तिथे पाऊण मिलिमीटर जाडी असलेलं पातं मार खातं, पाव मिलिमीटरचं नाही.

कोन मोजायला यंत्र नको. पातं धारेपासून पाठीपर्यंत ४० मिलिमीटर रुंद असेल, तर पाठ दगडापासून १४ मिलिमीटर उचलली की २० अंश, १७ मिलिमीटर उचलली की २५. तेवढ्या जाडीचा लाकडी तुकडा शेजारी ठेवून डोळ्याला सवय लावा. कोन जुळतोय की नाही हे बघायला धारेच्या उतारावर जाड मार्करची शाई फासा आणि दगडावर दोनच हात मारा. शाई फक्त वरून पुसली गेली तर पाठ खाली आहे, फक्त टोकाशी पुसली गेली तर पाठ वर आहे. ही युक्ती अनेकांना बाळबोध वाटते. मी अजूनही वापरतो.

तर तुमचे तीन टवके. पातं दिव्याखाली धार वर करून धरा. चांगली धार डोळ्याला दिसतच नाही, जिथे ती चमकते तिथे ती नाही असं समजा. टवक्याची कड रवाळ आणि मातकट राखाडी असेल तर तुकडा मोडून गेला आहे. कड एका बाजूला ओठासारखी वळून चकाकत असेल तर धार मुडपली आहे, आणि मग ६१ हा आकडाच संशयास्पद. टवके अर्ध्या मिलिमीटरच्या आतले असतील तर सगळी धार मागे घेऊ नका. २०० ते ४०० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितके कण बारीक) डायमंड प्लेटवर, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या पट्टीवर, २२ अंशांनी नवा उतार बसवा. जेवढे टवके निघतील तेवढे निघू द्या, उरलेला एखादा पुढच्या दोन वेळी जाईल. एका टवक्यासाठी मिलिमीटरभर पोलाद घासून टाकणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं, पातं काही पुन्हा उगवत नाही.

डायमंड प्लेट का? नेहमीच्या दगडातले अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण विकर्स मापावर, म्हणजे कठीणपणाच्या दुसऱ्या एका मापावर, साधारण २००० कठीण. डी२ मधल्या क्रोमियम कार्बाइडला, म्हणजे अंदाजे १५०० ला, ते पुरे पडतात, फक्त वेळ खातात. व्हॅनेडियम कार्बाइड मात्र २८०० च्या आसपास. एस३०व्ही सारख्या, चार टक्के व्हॅनेडियमच्या पोलादावर साधा दगड भोवतालचं पोलाद झिजवतो आणि कार्बाइड तसेच ठेवतो. ‘हे पोलाद धारच घेत नाही’ अशा तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा चुकीचा दगड असतो. हिऱ्याला कशाचीच अडचण नाही.

दगडावर एका बाजूने घासत राहिलं की पलीकडे धातूची बारीक कोर वळून येते, तिला बर म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा सरकवला की ती नखाला अडते. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली की बाजू बदलायची, त्याआधी नाही. आणि शेवटी ती काढायचीच. हात हलका करत, एकेक हात आलटून पालटून, मग पॉलिशची पेस्ट लावलेल्या चामड्याच्या पट्टीवर, धार मागे ठेवून. बर तशीच राहिली तर सुरी पहिला कागद सपासप कापते आणि दुसऱ्या दिवशी बोथट होते. मग लोक म्हणतात, पोलाद धार धरत नाही. राबवायच्या पात्याला आरशासारखी चकाकी नको. ४०० ते ६०० ग्रिटवर थांबलेल्या धारेला सूक्ष्म दात राहतात, आणि दोर, पट्टे, ओली फांदी यांत ते चावतात.

विजेच्या सुक्या चाकावर पातं धरू नका, कुणाला धरू देऊ नका. धारेची कड एवढी पातळ असते की ती क्षणात तापते. निळी पडली म्हणजे ३०० अंशांच्या आसपास गेली, साध्या कार्बन पोलादाचं तिथलं पाणी उतरलं. निळा रंग घासून गेला तरी मऊ झालेलं पोलाद तिथेच राहतं. कारखान्यातही शेवटची धार अनेकदा सुक्या पट्ट्यावरच लावतात. म्हणून नवी सुरी दोन-तीनदा दगडावर धार लावल्यावर सुधारते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. तुमच्या टवक्यांत याचाही वाटा असू शकतो. दोन-तीनदा धार लावून बघा, मग पोलादाला नावं ठेवा. जाता जाता, उकळत्या पाण्याने धुतल्यावर पात्याचं पाणी उतरतं हा समज खोटा. १८० अंशांना टेंपर केलेल्या पात्याला १०० अंशांनी काही होत नाही. गॅसच्या ज्योतीवर धरून मात्र कधीही ‘निर्जंतुक’ करू नका.

गंज. ‘स्टेनलेस’ म्हणण्यासाठी साडेदहा टक्के क्रोमियम लागतं असं कागदावर असतं, मग बारा टक्क्यांचं डी२ का गंजतं? कारण गंज रोखतं ते लोखंडात विरघळलेलं क्रोमियम. कार्बाइडमध्ये अडकलेलं क्रोमियम त्या कामाला उपयोगी पडत नाही, आणि डी२ मधलं बरंचसं तिथेच अडकलेलं असतं. उलट धातुतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांनी रचलेलं, २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट हे पोलाद घ्या. क्रोमियम पावणेअकरा टक्क्यांच्या आसपासच, पण क्रोमियमचे कार्बाइडच होऊ दिलेले नाहीत, म्हणून कमी क्रोमियम असूनही ते डी२ पेक्षा गंजाला कितीतरी जास्त पुरून उरतं, आणि वर चिवटही आहे. ‘स्टेनलेसला धार टिकत नाही’ हे म्हणणं हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली शेफिल्डमध्ये गंजरोधक पोलाद काढलं तेव्हापासूनचं. त्या काळी त्यात तथ्य होतं, आज नाही.

रोजची निगा फार नाही. वापरून झालं की चीक, ओल, माती पुसायची. धुतलं तर लगेच कोरडं करायचं. कार्बन पोलाद आणि डी२ ला खनिज तेलाचा बोटभर पुसटसा हात. जवसासारखी वाळणारी तेलं नकोत, चिकट थर बसतो. कार्बन पोलादावर निळसर-करडी झाक आली तर घासून काढू नका, ती थोडं राखणच करते. तांबूस, बोटाला लागणारा गंज मात्र तेलात भिजवलेल्या बारीक स्टील वूलने त्याच दिवशी काढा. स्टेनलेसवर हे साधं स्टील वूल वापरू नका, त्याचे कण पात्यावर राहून स्वतः गंजतात. खारं पाणी आणि ब्लीच स्टेनलेसलाही टोचे पाडतं. आणि चामड्याच्या म्यानात पातं कायमचं ठेवू नका. चामडं ओल धरतं, कमावतानाची आम्लंही त्यात असतात. म्यान नेण्याआणण्यासाठी, साठवायला कोरडं कापड.

वापराचं सांगायचं तर, लाकूड फोडताना पातं दोरे गेलेत त्या दिशेनेच घाला, गाठ चुकवा, आणि टोकाकडे ठोकताना मूठ खाली दाबून पातं आडवं राहील असं बघा. लोखंडी हातोड्याने ठोकू नका, लाकडी दांडकं बरं. अडकलंच तर पातं न पिळता, लाकडाचा दुसरा तुकडा पाचर म्हणून त्या चिरेत ठोका, चीर उघडली की पातं आपोआप सुटतं. तुमच्या वेळी एवढं केलं असतं तर टवके बहुधा गेले नसते. गोठवणाऱ्या थंडीत पोलादाचा चिवटपणा आणखी घटतो, तेव्हा पातं ठोकण्याआधी अंगाजवळ थोडं ऊबदार करावं.

नवी सुरी घ्यायचीच असेल तर: मोठं, ठोकायचं पातं असेल तर ५१६० रॉकवेल ५६–५८ ला, नाहीतर ३व्ही ५८–६० ला. ओल्या जागी, पुसायचा कंटाळा असेल तर १४सी२८एन किंवा एईबी-एल. दोन्ही स्टेनलेस, बारीक दाण्याची, साध्या दगडावर लागणारी, आणि एईबी-एल तर मुळात दाढीच्या ब्लेडसाठी केलेलं. विक्रेता पाणी कुणी दिलं आणि किती अंशांना टेंपर केलं हे सांगू शकत असेल, तर मी त्याच्या साध्या पोलादालाही महागड्या नावापेक्षा वर ठेवीन. सांगू शकत नसेल तर घरी पितळेच्या सहा मिलिमीटर सळईवर धार हलक्या दाबाने, १५ अंशांत तिरपी टेकवून सरकवा. धार किंचित वाकून परत सरळ झाली तर पातं ठीक, वाकलेलीच राहिली तर मऊ, तुटली तर जास्तच कडक.

डी२ ची सुरी टाकू नका. २२ अंशांवर आणा आणि तिला तिच्या कामाला, दोर-पुठ्ठ्यांना लावा. सरपण जुन्या सुरीकडेच राहू द्या.